चौसष्ट घरांची संख्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर गणिताच्या शिक्षकास उभे करणे हे कार्यकारिणीचे मोठेच धाडस आहे. काल येथे नाट्यगीते झाली, उद्या पुरणपोळीचे भोजन आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आम्ही! तेव्हा श्रोत्यांस फार कष्ट न पडावेत म्हणून आम्ही विषय घरातलाच निवडला आहे. बुद्धिबळाचा पट बहुतेक घरी असतो. त्या पटाच्या चौसष्ट घरांतून जी एक प्रचंड संख्या निघते, तिची ओळख करून देण्याचा आज विचार आहे.

कथा आपणां सर्वांस विदित आहे. बुद्धिबळाचा खेळ रचणाऱ्या विद्वानावर राजा प्रसन्न झाला आणि ‘काय हवे ते माग’ म्हणाला. विद्वानाने मागितले ते एवढेच : पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरात दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत जावे. तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने ही कथा हिंदुस्थानातील म्हणूनच सांगितली असून विद्वानाचे नाव सिस्सा असे दिले आहे. राजा हसला, पण त्याचे कोठार हसले नाही.

एकूण दाणे किती? पहिल्या दोन घरांचे मिळून तीन, तिहींचे सात, चोहोंचे पंधरा. म्हणजे कोठेही थांबलो तरी आतापर्यंतची बेरीज पुढच्या घरातील दाण्यांहून एकाने कमी. त्यामुळे साऱ्या पटाची बेरीज, दोनाच्या चौसष्टाव्या घातातून एक वजा केला असता येते ती :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

वीस अंकांची ही संख्या वाचावयाची कशी? कोटीच्या पुढे आपली जीभ अडखळते. परंतु भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांच्या शब्दांत आपली संख्या अशी : एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधि, चार शंकु, चार महापद्म, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, नऊ प्रयुत, पाच लक्ष, पाच अयुत, एक सहस्र, सहाशे पंधरा. निखर्वाच्या आणि कोटीच्या स्थानी शून्य आहे, म्हणून ती नावे आली नाहीत. आमच्या आजोबांनी लहानपणी ही नावे आमच्याकडून पाठ करवून घेतली, तेव्हा ती कशास लागतील असे आम्हांस वाटे. आज लागली.

आता तिचा आकार पाहू. एका ग्रॅममध्ये तांदळाचे चाळीस दाणे धरले, तर ही रास शेहेचाळीस हजार कोटी टनांहून अधिक भरते. साऱ्या जगात मिळून वर्षाला सुमारे पन्नास कोटी टन तांदूळ होतो. म्हणजे त्या राजाचे देणे फेडण्यास आजच्या जगाची जवळजवळ नऊशे वर्षांची तांदळाची पिके द्यावी लागतील.

याच संख्येची दुसरी कथा तर आपल्या या काशीनगरीवर रचलेली आहे. १८८३ मध्ये एदुआर ल्यूका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने एक खेळ प्रसिद्ध केला. तीन खुंट्या, आणि एका खुंटीवर मोठीवर लहान अशा रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवावयाची, लहानीवर मोठी ठेवावयाची नाही, आणि सारी रास दुसऱ्या खुंटीवर न्यावयाची. या खेळाबरोबर कथा पसरली ती अशी की, काशीच्या एका देवालयात सोन्याच्या चौसष्ट चकत्या असून पुजारी त्या अहोरात्र हलवीत असतात, आणि काम संपेल त्या दिवशी जगाचा अंत होईल. असले देवालय काशीत नाही, हे येथील श्रोत्यांस सांगावयास नको. पण हिशेब खरा आहे. एक चकती वाढली की हालचाली दुप्पट होऊन वर एक वाढतो. म्हणून एक, तीन, सात, पंधरा असेच चालते आणि चौसष्ट चकत्यांस आपलीच संख्या येते. सेकंदाला एक हालचाल धरली तर अठ्ठावन्न हजार कोटींहून अधिक वर्षे! विश्वाचे वय आजचे शास्त्रज्ञ सुमारे १,३८० कोटी वर्षे सांगतात. आपल्या पुराणांतील एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. असे एकशे पस्तीस कल्प उलटतील तेव्हा कोठे शेवटची चकती बसेल.

असो. अशा वर्णनांनी आपण थक्क होतो, पण संख्येची ओळख काही होत नाही. पर्वताची उंची ऐकली म्हणजे पर्वताच्या वाटा कळतात असे नाही. संख्या कळावयाची तर ती कशी बांधली जाते आणि कशी सुटते, हे पाहिले पाहिजे.

प्रथम बांधणी. चौसष्ट वेळा दुप्पट करीत बसण्याची गरज नाही. पिंगलाचार्यांच्या छंदःसूत्रांत यावर युक्ती आहे. एका चरणात अमुक अक्षरे असतील तर लघु-गुरूंची एकूण रूपे किती, हा त्यांचा प्रश्न. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणून उत्तर दोनाचा तितकावा घात. त्यांची रीत अशी : अक्षरांची संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, आणि मग उलट येताना निम्मे केले असेल तेथे वर्ग करा, एक वजा केला असेल तेथे दुप्पट करा. चौसष्ट ही संख्या सहा वेळा निम्मी होऊन एकावर येते. म्हणून दोनापासून निघून केवळ सहा वेळा वर्ग करावयाचा : चार, सोळा, २५६, ६५,५३६, मग ४,२९,४९,६७,२९६, आणि सहाव्या वर्गाला आपली संख्या, फक्त एकाने अधिक. इ.स. १००० च्या सुमारास अल्-बीरुनीनेही पटावरच्या दाण्यांची बेरीज वर्गांच्याच मार्गाने काढून दाखविली आहे.

यांतील पाचव्या वर्गाकडे, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ या संख्येकडे, क्षणभर पाहावे. अनुष्टुभ छंदात आठ अक्षरांचे चार चरण, मिळून बत्तीस अक्षरे. भास्कराचार्यांनी लीलावतीत विचारले आहे की अनुष्टुभाची समवृत्ते किती, अर्धसमवृत्ते किती आणि विषमवृत्ते किती. उत्तर : सम २५६, अर्धसम ६५,२८०, विषम ४,२९,४९,०१,७६०. तिन्हींची बेरीज करून पाहा. ती बरोबर ४,२९,४९,६७,२९६ येते. इंटरनेटवरील यंत्रांना जे जुन्या पद्धतीचे बत्तीस बिटांचे पत्ते देतात, त्यांची एकूण संख्याही हीच, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपला. बाराव्या शतकातील श्लोकाची गणना आणि आजच्या यंत्राची गणना एकाच संख्येवर येऊन मिळते, कारण लघु-गुरू काय आणि शून्य-एक काय, प्रश्न एकच आहे.

सोयीसाठी या संख्येस आपण ‘अनुष्टुभाची संख्या’ म्हणू. आपली पटाची संख्या म्हणजे तिचा वर्ग वजा एक.

आता सोडवणूक. कोणत्याही संख्येच्या वर्गातून एक वजा केला की ‘ती संख्या वजा एक’ आणि ‘ती संख्या अधिक एक’ यांचा गुणाकार मिळतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणून पटाची संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ गुणिले ४,२९,४९,६७,२९७. यांतील पहिली पुन्हा वर्ग वजा एक अशीच आहे, म्हणून तीही सुटते. तिच्यातून निघालेली लहान संख्याही सुटते. कांद्याचे पापुद्रे काढावेत तसे करीत गेल्यावर अखेर सहा अवयव हाती राहतात :

३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

प्रत्येक अवयव म्हणजे पिंगलांच्या वर्गमालिकेतील एकेक संख्या अधिक एक. यांतील पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. स्वतः ती संख्या आणि एक यांखेरीज त्यांना कशानेही भाग जात नाही. फ्रान्समधील फर्मा या थोर गणितज्ञाने १६४० मध्ये हे पाहिले आणि या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात असे मत लिहून ठेवले. सिद्धता त्याच्याजवळ नव्हती. पण पाच वेळा खरे ठरलेले सहाव्या वेळी खोटे का ठरावे?

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती आमच्या मोठेपणाची नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मंडळाच्या रविवारच्या वर्गात आम्ही गणित शिकवीत असू. मुले शाळेत हिंदीतून वा इंग्रजीतून शिकत. आठवड्यातून दोन तास तरी अंकांशी मराठीतून बोलावे, एवढाच वर्गाचा हेतू. एका रविवारी आम्ही हीच पटाची संख्या फळ्यावर सोडविली, सहा अवयव लिहिले, आणि उत्साहाच्या भरात म्हणालो, ‘पाहा मुलांनो, साऱ्याच्या साऱ्या मूळ संख्या!’ फर्माचे मत आम्ही कोठेतरी वाचले होते. पुढे त्याचे काय झाले ते वाचले नव्हते. पाच खऱ्या, म्हणून सहावी खरी.

उन्हाळ्याची सुटी गेली. पहिल्याच रविवारी वर्गातील एक मुलगी वही घेऊन आली. आठ आकड्यांच्या गणनयंत्रात दहा अंकी संख्या मावत नाही, म्हणून तिने सारे भागाकार हाताने केले होते. हजारापर्यंतच्या मूळ संख्यांची यादी आम्ही चाळणी लावून वर्गातच करून घेतली होती. त्या यादीतील एकेक संख्या घेऊन ती शेवटच्या अवयवाला भागीत गेली. एकशे पंधरा मूळ संख्यांनी बाकी उरली. एकशे सोळावी होती ६४१. बाकी शून्य!

आम्ही वही वरवर चाळली आणि म्हणालो, ‘बाळ, कोठेतरी हातचा राहिला असेल. पुन्हा करून आण.’

ती म्हणाली, ‘सर, मी तीनदा केला आहे.’

तरीही आम्ही वही परत दिली. हा आमचा अपराध संख्या चुकण्याहून मोठा होता. त्या रात्री जेवणानंतर काही चैन पडेना, म्हणून एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर आम्ही ६४१ आणि तिचा भागाकार ६७,००,४१७ यांचा गुणाकार मांडला. पहिल्या ओळीत ४,०२,०२,५०,२०० आले, उरलेल्या एकेचाळिसाचे २७,४७,१७,०९७. बेरीज ४,२९,४९,६७,२९७. एकही हातचा राहिला नव्हता.

पुढच्या रविवारी साऱ्या वर्गासमोर आम्ही चूक कबूल केली आणि तिचा भागाकार तिच्याकडूनच फळ्यावर मांडवून घेतला. आम्हांस वाटले, प्रकरण मिटले. पण तिने हळूच विचारले, ‘सर, मग ६५,५३७ तरी मूळ आहे, हे कशावरून?’ आणि आमच्या ध्यानी आले की तेही आम्ही पुस्तकावरच विसंबून सांगितले होते! मग वर्गात नऊ मुले होती त्यांनी काम वाटून घेतले. २५६ पर्यंतच्या मूळ संख्या चौपन्न. प्रत्येकाच्या वाट्यास सहा. २५७ च्या वर्गापेक्षा आपली संख्या लहान असल्यामुळे त्यापुढे पाहण्याचे कारण नव्हते. तासाभरात चौपन्न भागाकार झाले, चौपन्न वेळा बाकी उरली, आणि ६५,५३७ मूळ असल्याचे त्या नऊ मुलांनी स्वतः जाणले. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात या तासाची नोंद कोठे नसेल. म्हणून येथे ती करून ठेवीत आहोत.

या मुलीच्या आधी हा ६४१ कोणाला सापडला होता? १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर याला. या रूपाच्या संख्येला विभाजक असलाच तर तो चौसष्टाच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्यांतच शोधावा, हे ऑयलरने सिद्ध करून दाखविले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे उपपत्ती हाती असेल तर पाचव्या प्रयत्नात उत्तर. नसेल तर एकशे सोळाव्या. दोन्ही मार्ग प्रामाणिकच. अप्रामाणिक मार्ग एकच होता, तो आमचा : एकही भागाकार न करता सांगून टाकण्याचा.

६४१ ने भाग जातो याची एक सुबक उपपत्ती आहे. ती ऐकून घ्यावी. पाच गुणिले १२८ म्हणजे ६४०. हा ६४१ हून एकाने कमी, म्हणून ६४१ ने भागताना त्याची बाकी ‘ऋण एक’ धरता येते. ऋण एकाचा चौथा घात एक. म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी एक. पण ६४० चा चौथा घात म्हणजे पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. पाचाचा चौथा घात ६२५. तो ६४१ हून सोळांनी कमी, म्हणून त्याची बाकी ‘ऋण सोळा’. सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात. चार आणि अठ्ठावीस मिळून बत्तीस. तेव्हा ‘ऋण अनुष्टुभाची संख्या’ हिची बाकी एक. अर्थात अनुष्टुभाच्या संख्येत एक मिळविला की बाकी शून्य. दहा अंकी भागाकार न करता, तोंडी!

आता पटाची संख्या पुरी सुटली : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ या सात मूळ संख्यांचा गुणाकार. सात वेगवेगळ्या मूळ संख्या, म्हणून तिचे विभाजक बरोबर एकशे अठ्ठावीस. ज्या राशीपुढे राजाचे कोठार रिते झाले, ती केवळ सात नावांत मावते.

फर्माचे मत चुकले म्हणून त्या पाच संख्यांचे मोल मात्र कमी झाले नाही. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउस याने दाखविले की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपास घेऊन काढता येतो. ग्रीकांच्या काळापासून हे कोणास साधले नव्हते. विषम बाजूंचे असे जे सुसम बहुभुज काढता येतात असे आज ठाऊक आहे, ते एकूण एकतीस. आणि त्या प्रत्येकाच्या बाजूंची संख्या ४,२९,४९,६७,२९५ हिचा विभाजक असते. पटाच्या संख्येचे दोन अर्ध आठवावेत. अनुष्टुभाच्या संख्येतून एक वजा केलेल्या अर्धात पट्टी-कंपासची सारी भूमिती. एक मिळविलेल्या अर्धात ६४१, ज्याच्या बाजूंचा बहुभुज पट्टी-कंपासने काढता येत नाही. दोन्ही शेजारी, स्वभाव मात्र भिन्न. पुढे फर्माच्या मालिकेतील आणखी संख्या तपासल्या गेल्या. ऑयलरने फोडलेली धरून ओळीने अठ्ठावीस संख्या संयुक्त ठरल्या आहेत. पाचांनंतर सहावी मूळ संख्या या मालिकेत आहे की नाही, याची सिद्धता आजही कोणाजवळ नाही.

‘उपपत्ती’ हा शब्द आम्ही मघापासून योजीत आहोत. तो उसना नाही. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली, आणि भास्कराचार्यांनी दिलेल्या नियमांच्या उपपत्ती तीत मांडल्या. भास्कराचार्यांसारख्यांचे वचनही ‘कशावरून?’ असे विचारून पारखावे, यात त्यांना अनादर वाटला नाही. पुढे १८२१ साली पुण्यास जन्मलेले बापूदेव शास्त्री येथे काशीस येऊन संस्कृत महाविद्यालयात गणित शिकवीत राहिले. घरापासून दूर आलेल्या आपल्या माणसांनी या नगरीत पूर्वीच काय आणून ठेवले आहे, हे आपण आपल्या मुलांस सांगावे.

घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांस एक मोह होतो, आम्हांसही झाला. जे हातून निसटेल असे भय वाटते, ते आपण मुलांकडून केवळ पाठ करवून घेतो. श्लोक, पाढे, सणांच्या रीती. पाठांतर हवेच, आजोबांनी ते करवून घेतले नसते तर परार्ध आज आम्हांस आठवला नसता. पण मूल जेव्हा ‘हे कशावरून?’ म्हणून वही पुढे करते, तेव्हा ती वरवर चाळून परत देऊ नये. आम्ही दिली होती. त्या रात्रीचे पाकीट अजून आमच्या संग्रही आहे.

ती मुलगी आता मोठी झाली आहे, स्वतः शिकविते, आणि आज सभागृहात बसली आहे. तिचे नाव घेण्याची तिने मनाई केली आहे, म्हणून घेत नाही. रविवारचा वर्ग काही वर्षे बंद होता, तो सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पुन्हा सुरू होत असून चालविणार ती आहे. आपली मुले तेथे अवश्य पाठवावीत. फळ्यावरची पहिली संख्या कोणती असेल, हे आता आपण जाणताच.